अकरा महिन्यांचा भाडेकरू

पनवेल तालुक्यात माझ्याइतका सरळ भाडेकरू शोधून सापडायचा नाय, एका महिन्याचं भाडं मी कधी थकवलेलं नाय. मालक माझाच बाप होता आणि खोली मी जिच्यात जन्मलो तीच होती, तेवढं सोडून द्या.

आमचं गाव रोडपाली. आता लोक त्याला सेक्टरच्या नंबरानं ओळखतात. रिक्षावाल्याला रोडपाली गाव सांगितलं तर तो मलाच विचारतो, कुठं आलं ते. पूर्वी इथं भातशेती होती आणि खाडीच्या अंगाला मिठागर. नवं शहर आलं, जमीन गेली, पैसे आले. गावात कुणी गाडी घेतली, कुणी गळ्यात साखळी घातली. एवढी जाड साखळी, की गोठ्यातली म्हैस ती बघून आपल्या गळ्याकडं बघायची. आमच्या बापानं यातलं काय केलं नाय. घराच्या मागं ओळीनं खोल्या बांधल्या आणि भाड्यानं दिल्या. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले वेल्डर, हमाल, क्रेनवाले आणि एक नर्सबाई, असे सगळे आमच्याकडं राहायचे. बाप म्हणायचा, "गाडी जुनी होते, साकली चोरीला जाते. भाडेकरू दर पयल्या तारकेला नवा होतो."

दिसायला म्हणाल तर हाफ पँट, खांद्यावर टॉवेल आणि कमरेच्या करगोट्याला चाव्यांचा मोठा जुडगा. चालला की वाजायचा. नवे भाडेकरू घाबरायचे, म्हाताऱ्याकडं सगळ्या खोल्यांच्या दुसऱ्या चाव्या हायत म्हणून. त्या जुडग्यात एका पण खोलीची चावी नव्हती. मिठागराच्या खोपट्याची होती, जुन्या गोठ्याची होती, एक होडीच्या साखळीची. खोपटं, गोठा, होडी, सगळं कधीच गेलेलं. मी एकदा म्हटलं, बाबा, फेका की ह्या. तर म्हणाला, "कुलूप गेलं त्यात चावीचा काय गुना?"

भाडेकरूंसाठी त्याचे कायदे होते. भाडेकरूच्या दारासमोर मालकानं थुंकायचं नाय. भाडेकरूच्या घरात काय शिजतंय ते विचारायचं नाय, वास आला तर गप घ्यायचा. भाडं द्यायला आलेल्या माणसाला आधी पाणी, मग चहा, मग पैशाचं बोलणं. आणि सगळ्यांत मोठा कायदा म्हणजे अकरा महिने.

त्याचं झालं असं. ओवे गावात बापाचा साडू राहायचा. त्यानं एका माणसाला खोली दिली, तो माणूस निघेच ना. केस चालली, तारखा पडल्या. शेवटी असं झालं, की साडू स्वतःच्याच अंगणात त्या भाडेकरूला विचारून खाट टाकायचा. बापानं ते बघितलं आणि धसका घेतला. पनवेलच्या एका वकिलानं त्याला सांगितलं, कागद अकरा महिन्यांचाच करा, तो संपला की नवा करा. आता जगातले बाकीचे लोक अकरा महिने झाले की नवा कागद करतात आणि जागेवर झोपतात. बापानं त्याचा अर्थ लावला, की कागद संपला म्हणजे माणूस पण संपला. माणूस बाहेर, सामान बाहेर, खोलीत फक्त पाल. एक रात्र खोली रिकामी राहिली पायजे. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कागद, मग या आत.

पहिल्यांदा लोक भांडायचे. मग सवय झाली. पाच नंबरच्या खोलीतला वेल्डर तर त्या दिवसाची रजाच टाकायचा. गादीची वळकटी बांधून तलावावर जाऊन बसायचा, वडापाव खायचा, बायकोला गावी फोन करायचा. नर्सबाई त्या रात्रीची ड्युटी मागून घ्यायची. असं केल्यानं कायद्यात काय फरक पडतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आमची एक पण खोली कधी कुणी बळकावली नाय, म्हणून बाप म्हणायचा, बगा.

आता माझं. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. मास्तर म्हणायचे, हा वर्गात हाय का नाय ते हजेरी घेतल्यावर पण कळत नाय. मग टेम्पोवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर. लोखंड बाजारातनं सळया भरायच्या आणि खारघरच्या बिल्डिंगींवर टाकायच्या. महिन्याचा पगार पक्का झाला त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आलो. बापानं पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "काम पक्कं ना?"

"पक्कं."

"मग आता रायचा कुठं?"

मी म्हटलं, "म्हंजे? इथंच."

"कोनच्या कागदावर?"

मला वाटलं गंमत करतोय. आईनं ओळखलं गंमत नाय ते. ती चुलीपुढनं उठून आली. "पोटच्या पोराकडनं भाडं घेनार तुमी?"

बाप म्हणाला, "तुज्या पोटात होता तवा घेतलं का मी? आता बायेर हाय."

दुसऱ्या दिवशी आमी दोघं पनवेलला कोर्टाजवळ, स्टॅम्पपेपरवाल्याकडं. त्यानं मालकाचं नाव विचारलं, बापानं सांगितलं. भाडेकरूचं नाव विचारलं, मी सांगितलं. भाडेकरूच्या वडिलांचं नाव विचारलं, बापानं परत आपलंच नाव सांगितलं, चेहऱ्यावरची माशी हलली नाय. त्या माणसानं पेन खाली ठेवलं.

"काका, तुमचं नातं काय?"

"तो भाडेकरू हाय."

"तसं नाही, आडनाव एकच आहे म्हणून विचारलं."

"आमच्या गावात सगल्यांचं तेच हाय."

मला सही करायला जरा वेळ लागतो. एकेक अक्षर आठवून काढावं लागतं. बापाला वाटलं मी अटी वाचतोय. बाहेर आल्यावर खूश होऊन म्हणाला, "असाच नीट वाचून सई करत जा." मी मान हलवली. त्यात काय लिहिलंय ते मला आजपर्यंत माहीत नाय.

आता खरी गोष्ट सांगतो. भाडं द्यायच्या आधी बाप मला कसा उठवायचा, तर गादीचं एक टोक धरून ओढायचा. मी सकाळी जमिनीवरच जागा व्हायचो. कागद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. आमच्या घरात त्याच्या आधी दार कुणी वाजवलंच नव्हतं. मला वाटलं पोलीस. आदल्या दिवशी टेम्पो एका हवालदाराच्या सायकलीला घासला होता, तर मी उठून पलंगाखाली गेलो. बाहेरनं आवाज आला, "मालक हाय. येवू का आत?"

मी पलंगाखालूनच म्हटलं, "या."

बाप आत आला, पलंग रिकामा बघितला, खाली वाकून मला बघितलं. भाडेकरूनं कुठं झोपावं हा भाडेकरूचा प्रश्न. नुसतं म्हणाला, "पानी आलंय," आणि गेला.

पुढं मला त्या टकटकीची चटकच लागली. जाग आली तरी मी पडून राहायचो, ती ऐकायला.

आणखी एक. माझ्या अंथरुणावर कौल गळायचं. कागदाच्या आधी मी बापाला सांगितलं होतं. त्यानं वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "पलंग सरकव." भाडं द्यायला लागल्यावर मी तेच परत सांगितलं, त्याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी उजाडायला तो छपरावर. आई खालनं ओरडतेय, पडाल, उतरा, आणि हा वरनं सांगतोय, "भाडेकरूची तक्रार हाय."

मग मला जरा माज आला. एका आठवड्यात रोज जवळा झाला, कधी कांद्यात, कधी वांग्यात. मी ताट पुढं सारून म्हटलं, आमी भाडं देतो, जेवणाची तक्रार कुणाकडं करायची? आईनं माझ्या डोक्यात पळी घातली. म्हणाली, "मालक तो हाय. मी तुजी आई हाय. गिल गप." तेव्हा मला कळलं, की खोली भाड्याची हाय, जेवण भाड्याचं नाय, आणि जे भाड्याचं नाय त्याची तक्रार चालत नाय.

गावात व्हायची ती शोभा झाली. स्वतःच्या गावात, स्वतःच्या आळीत, पोरं मला भाडोत्री म्हणायची. क्रिकेटला टीम पाडताना म्हणायची, हा बाहेरचा, ह्याला घेता येत नाय. तशी माझी बॅटिंग बघून पण घेत नव्हते, पण आता कारण मिळालं. माझ्या वयाच्या पोरांनी बापाच्या पैशानं बुलेट घेतली होती. मी बापाला पैसे देऊन त्याचीच जुनी सायकल मागून न्यायचो.

अकरा महिने भरले की मी पण बाहेर. पहिल्या वर्षी कोन गावात एका दोस्ताकडं जाऊन झोपलो. आईनं असा डबा भरून दिला, जसा मी आखाताला निघालोय. सकाळी परत आलो तर बाप फाटकात उभा. म्हणाला, "खोली हाय रिकामी. बगनार का?" मी माझीच खोली फिरून बघितली. भाडं थोडं वाढलं होतं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण लग्नाचं वय आलं आणि हसणं आटलं. आमच्याकडं मुलीवाले आधी घर विचारतात. मध्यस्थ सांगायचा, पोरगा टेम्पो चालवतो, घर स्वतःचं. ते लोक गावात चौकशी करायचे आणि गावातली पोरं दात काढून सांगायची, तो भाड्यानं रातो. कुणाला वाटायचं बापानं मला बेदखल केलंय, कुणाला वाटायचं मी दत्तक हाय. एका स्थळानं तर मला सोडून वेल्डरची चौकशी केली. त्यात माझं शिक्षण ते असलं आणि तोंड हे असलं. माझ्या बरोबरीच्यांची पोरं माझ्यापेक्षा जास्त शिकली, पाचवीत गेली, तरी माझं जमेना. आई रोज देवाला हात जोडायची आणि रोज बापाला शिव्या घालायची. बापाचं एकच, "कागद मोडायचा नाय."

शेवटी उरणकडचं एक स्थळ आलं. मिठागरवालेच, जमीन जाऊन पैसे आलेले. मुलगी पनवेलला एका हॉस्पिटलात कामाला होती. आमी बघायला गेलो. तिनं पोहे ठेवले आणि मला एकच प्रश्न विचारला, "घर कोनाचं?"

मी म्हटलं, "बापाचं." पुढचं गिळलं. मी आयुष्यात हुशारी केली असेल तर तेवढीच.

ती मला आवडली. इतकी आवडली, की परत येताना टोल नाक्यावर मी सुट्टे पैसे न घेताच निघालो. ठरलं असं, की आता तिच्याकडची माणसं आमचं घर बघायला येणार. त्यांनी दिवस कळवला. आईनं कॅलेंडर काढलं आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. त्याच दिवशी माझे अकरा महिने भरत होते.

आई म्हणाली, "एक दिस पुडं ढकला."

"कागद पुडं ढकलता येत नाय."

"अवो, पावने येतान."

"येवू दे. पावने घर बगायला येतान ना? घर हाय जागेवर."

"आनि पोरगा?"

"पोरगा घरात धरत नायत."

आई रडली. बाप तिच्यापुढं बसला आणि जरा हळू म्हणाला, "आज मी ह्याला ठेवला, तं उद्या पाच नंबरवाल्याला कुठल्या तोंडानं काडू? तो पन कुनाचा पोरगाच हाय." आई पदरानं डोळे पुसत चुलीकडं गेली. ह्याच्यावर मला बोलता आलं असतं, पण माझं ऐकतं कोण.

त्या दिवशी सकाळी टकटक झाली. बापानं खोली तपासली, खिळे बघितले, नळ बघितला. म्हणाला, "नीट ठेवलीस खोली." आणि मी गादी, ट्रंक, टेबल फॅन टेम्पोत टाकून तलावाकाठी जाऊन उभा राहिलो. अंगात नवा शर्ट. आईनं पाहुण्यांसाठी केलेल्या चिंबोऱ्यांचा रस्सा डब्यात दिला होता. म्हटलं पाहुणे यायच्या आत उरकून घेऊ. पहिलीच नांगी फोडली आणि रस्सा सरळ खिशावर. तो डाग झाकायला मी फॅन मांडीवर घेऊन बसलो.

घरी काय झालं ते नर्सबाईनं नंतर सांगितलं. मोठी गाडी आली. तिच्यातनं मुलीचा बाप उतरला, मामा उतरला, आणि मागनं मुलगी. घर बघायला मुलगी कधी येत नाय. ती म्हणाली होती, रायचं मला हाय, मग बगनार पन मीच. चहा झाला. मुलीच्या बापानं इकडं तिकडं बघून विचारलं, "नवरदेव कुठं हायत?"

आमचा बाप म्हणाला, "बायेर काडलाय."

"का? काय केलं त्यांनी?"

"काय नाय. अकरा मयने भरले."

मामानं कप खाली ठेवला. बापानं सगळं नीट समजावून सांगितलं, साडूपासून. जितकं समजावलं तितका मुलीचा बाप लाल होत गेला. "म्हंजे तुमी पोराकडनं भाडं घेता?" तो म्हणाला. "आमच्या गावात असं कोनी आयकलं नाय."

"आमच्या पन नाय," बाप म्हणाला.

तेवढ्यात वेल्डर आला. आपल्याला कुणी बोलावलं नाय ह्याचं त्याला कधीच काय वाटायचं नाय. म्हणाला, "साहब, हमको भी निकालता है. सबको निकालता है. आदमी अच्छा है." त्यानं तर उरलासुरला खेळ संपला. मामा म्हणाला, चला. आणि मुलगी म्हणाली, "थांबा. पोरगा तं बगून येते."

मला लांबून दिसलं, ती पुढं, मामा मागं, आणि त्याच्या मागं आळीतली अर्धी माणसं. मी फॅन अजून वर, खिशावर ओढला. ती टेम्पोजवळ आली. आत डोकावली.

"ही गादी तुमची?"

"हो."

"पंखा?"

"माझाच. भाड्यात पंखा धरलेला नाय."

"खरंच देता भाडं? सख्ख्या बापाला?"

"देतो."

"आनि तो घेतो?"

"मोजून घेतो."

"कशाला देता? घर तुमचंच ना?"

इथं मोठं काय तरी बोलायला पायजे होतं. मला येत नव्हतं. जे होतं ते बोललो. "दिल्यापासनं दार वाजवून आत येतो."

तिनं परत एकदा गादीकडं बघितलं, ट्रंकेकडं बघितलं. मग म्हणाली, "शर्टावर रस्सा हाय," आणि माघारी फिरली. मला वाटलं, गेलं हे पण.

गेलं नव्हतं. मी टेम्पोतनं उतरून मागं मागं गेलो आणि फाटकाबाहेर उभा राहिलो. आत जायची मला परवानगी नव्हती. तिथनं सगळं दिसत होतं. ती ओटीवर उभी राहिली आणि आमच्या बापाला म्हणाली, "मी पन देते."

तिचा बाप म्हणाला, "गप."

"का गप? पगार झाला की घरातलं वाणसामान माजं, लाईटबिल माजं. भाऊ देत नायत, ते पोरगे हायत. आनि मी देते ते कोनाला सांगायचं नाय, बाप पोरीचं खातो बोलतील म्हनून."

आमचा बाप आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरनं उठला. ती खुर्ची त्यानं कधी सरपंचाला पण दिली नव्हती. ती उचलून तिच्यापुढं ठेवली. "बस. भाडं देनारं मानूस उबं ठेवायचं नाय." ती बसली. मग त्यानं विचारलं, "तुजी खोली कंची?"

"खोली नाय. माजघरात निजते. भाऊ आले की उठते."

बापाचा चेहरा असा झाला, की मला साडूची आठवण आली. तो तिच्या बापाकडं वळला. "भाडं घेता आनि खोली नाय? पावनं, हे कुठलं अग्रिमेंट?"

तिचा बाप उठला. पायात चपला घातल्या. "झाला तेवडा अपमान पुरे," तो म्हणाला, "चल ग."

ती उठली नाय. माझं सगळं आयुष्य त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलं होतं आणि मी बाहेर फाटकाच्या गजाला धरून. तिनं आमच्या बापाला विचारलं, "दोगं झाल्यावर भाडं वाडंल?"

"वाडंल," बाप म्हणाला. खोटं तो बोलायचाच नाय.

"मग खोलीला मोरी आतून पायजे. मी मागच्या आंगनात भांडी घेऊन जानार नाय."

"मोरीला खर्च हाय."

"भाड्याला पन हाय."

"अर्धा खर्च तुमी करा."

"घर तुमचं, मोरी तुमची. आमी अकरा मयन्यांचे. मी का करू?"

इतक्या वर्षांत बापाच्याच कायद्यानं बापाला कुणी धरलं नव्हतं. त्यानं करगोट्याच्या चाव्या उगाच चाचपल्या. मग त्याच्या तोंडावर असं हसू आलं, की मी त्याच्या पोटी जन्मलो तेव्हा पण आलं नसेल. आईनं ते नंतर खरं हाय म्हणून सांगितलं.

"मोरी आतून," तो म्हणाला.

"आनि अकरा मयन्यानं मना पन काडनार?"

"काडनार."

"बरं. मी त्या दिवशी माहेरी जात जाईन."

आता सगळे तिच्या बापाकडं बघायला लागले. तो पायरीवर उभा, पायात चपला, चेहरा उन्हानं तापलेल्या पत्र्यासारखा. तो पोरीकडं बघत होता आणि पोरगी त्याच्याकडं. मला वाटतं, माजघरातनं उठणारी पोरगी त्याला पण त्या दिवशीच दिसली असेल. त्यानं हळूच चपला काढल्या आणि परत वर आला. म्हणाला, "मोरीला फरशी कंची घालनार?"

आळीनं एवढा ओरडा केला, की तलावावरचे बगळे उठले. वेल्डरनं मला मिठी मारली, त्याच्या पण अंगाला रस्सा लागला. मी नाचत फाटक उघडून आत पाय टाकला आणि बाप म्हणाला, "तू सकाली ये."

लग्न धूमधडाक्यात झालं. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीनं घसा बसेस्तोवर धवले गायले, हळदीला सगळे भाडेकरू पिवळे, ज्या पोरांनी मला टीममध्ये घेतलं नव्हतं ती बेंजोपुढं सगळ्यांत जास्त नाचली. मोरी आतून झाली, फरशी तिच्या बापानं पसंत केली. माझ्या मनात मात्र एक होतं. अशा गोष्टी तुमी पण ऐकल्या असतील, की बाप पोराकडनं पैसे घेतो, गुपचूप साठवतो आणि लग्नात पिशवी पुढं ठेवतो. मी दोस्तांना सांगून ठेवलं होतं, बघा, म्हातारा पक्का हाय, देणार. हळद झाली, लग्न झालं, पूजा झाली, पिशवी काय येईना. शेवटी मीच विचारलं, "बाबा, माझ्या भाड्याचं काय केलंत?"

"खाल्लं," बाप म्हणाला.

आई मोरीतनं हसायला लागली. मग कळलं. भाडं आलं की त्या आठवड्यात दोघं घरातनं निघायची. मला सांगायची, आईच्या गुडघ्याला दवाखान्यात नेतो, कधी दोन दिवस पण लागतील. पनवेलच्या स्टँडवर जाऊन जी एसटी दिसेल तिच्यात बसायची. महाड झालं, गणपतीपुळे झालं, कोल्हापूर झालं. जेजुरीला बापानं आईला उचलून पाच पायऱ्या चढवल्या, लग्नात चढवल्या नव्हत्या म्हणून. आईकडं सगळ्या गावांचे फोटो होते, पिठाच्या डब्यामागं. प्रत्येक फोटोत बाप ताठ, करगोट्याला चाव्या, आणि आई गॉगल लावून. आणि मी काय करत होतो, तर दर महिन्याला गुडघ्याचं तेल आणून देत होतो.

"फेकलं नाय हां," आई म्हणाली. "पायऱ्या चडून दुकायचेच गुडगे."

मी बापाकडं बघितलं. तो म्हणाला, "तू राह्यलास, आमी फिरलो. फिटलं." त्याच्या इतकं सुखानं भाडं खाल्लेला मालक मी बघितला नाय, आणि तेव्हा मला पिशवी मिळाली असती त्यापेक्षा जास्त बरं वाटलं. थोडं वाईट पण वाटलं. पण थोडंच.

बाप जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटपर्यंत दार वाजवून यायचा. भाडं आता आई घेते आणि गॉगल नवा घेतलाय.

आणि गंमत बघा, ज्या गावात मी भाडोत्री होतो, तिथं आता पोरगा कामाला लागला की त्याचा बाप त्याला घेऊन माझ्या ओटीवर येतो, जरा समजव म्हणून. मी खुर्चीवर बसतो आणि सांगतो. परवा पण दोन पोरं बसली होती. मी म्हटलं, बाबांनो, आईबापाला भाडं द्या. मी दिलं, म्हणून अशी बायको मिळाली. टेम्पोत बसलो होतो, खिशाला रस्सा, तरी हिनं माणूस ओळखला. मला बघितलं आणि तिथंच हो म्हणाली.

बायको बाजूला बोंबील साफ करत बसली होती. तिनं मान पण वर केली नाय.

"मी मालक बगून खोली घेतली," ती म्हणाली. "तुमी आदीपासून तिच्यात पडलेले होते."